पाढ्यांआधी चिंचोके

नागपुरातल्या माझ्या जुन्या वर्गमैत्रिणींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. निम्म्या जणी म्हणतात, आताच्या पोरांना सातचा पाढा येत नाही, शाळेत नुसते खेळ चालतात. उरलेल्या म्हणतात, घोकंपट्टी बंद करा, परदेशात कुठे कोण पाढे पाठ करतं?

मी इंग्लंडमध्ये राहते, मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत आहे. पाठ करतात, अगदी कसून करतात! इथल्या सरकारी शाळांत 'इयर 4'मध्ये, म्हणजे मुलं आठ-नऊ वर्षांची असताना, पाढ्यांची चाचणी 2022 पासून सक्तीची आहे. संगणकावर 25 प्रश्न, बाराच्या पाढ्यापर्यंत, प्रत्येकाला फक्त 6 सेकंद.

पण तिथवर पोचायला दोन-तीन वर्षं घेतात, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. आधी 2, 5 आणि 10 चे पाढे, मग 3, 4, 8 चे, बाकीचे शेवटी. सुरुवातीला मुलांच्या हातात वस्तू असतात. कागदावर त्यांच्या 3 ओळी मांडायच्या, प्रत्येकीत 4. तोच कागद आडवा फिरवला की 4 ओळी, प्रत्येकीत 3. बारा तेच राहिले, हे मूल डोळ्यांनी बघतं. सात आठे छप्पन्न विसरलं, तर आठ-आठच्या 5 ओळींचे 40 आणि 2 ओळींचे 16 मिळवून ते स्वतः उत्तरापर्यंत येतं. नुसत्या चालीवर पाठ केलेलं मूल मात्र पुन्हा 'सात एके सात'पासून सुरुवात करतं.

यावर ग्रुपवर लगेच उत्तर आलं, आपल्याकडे एका वर्गात पन्नास मुलं, साहित्य कुठून आणायचं? चिंचोके आणा ना. अंड्यांचा ट्रे आणा, 5 गुणिले 6 त्यात तयारच असतं. आणि संत्र्यांच्या गावात उदाहरणं कमी पडावीत? 4 पिशव्या, प्रत्येकीत 6 संत्री, 2 पिशव्या शेजारी दिल्या, घरात किती उरली? मेट्रोच्या 3 डब्यांत प्रत्येकी 20 माणसं चढली, सीताबर्डीला 15 उतरली, आता गाडीत किती? मुलांनी हे आधी मांडून बघावं, आकडे मागाहून लिहावेत. नाहीतर गणितात दोन आकडे दिसले की गुणून मोकळं व्हायची सवय लागते.

पाढे म्हणण्याच्या विरोधात मी मुळीच नाही. आमचे आजोबा पावकी, निमकी, अडीचकी (पाव, अर्धा, अडीच यांचे पाढे) धडाधड म्हणत आणि बाजारात ती रोज कामाला येई. म्हणजे पाठ केलेल्याला वस्तूंचा आधार होता. आपण पाठांतर ठेवलं आणि बाजार काढून टाकला, माझी तक्रार एवढीच आहे. इथलं 6 सेकंदांचं घड्याळ मात्र नागपुरात नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पाढे येणारी मुलंही त्यापुढे गोंधळतात.

त्याऐवजी तिसरीच्या परीक्षेत एक प्रश्न घाला: '6 × 4 साठी एक शाब्दिक उदाहरण तयार करा.' ज्या मुलाने 'प्रत्येकीत' हा शब्द न घालता '6 पिशव्या आणि 4 संत्री' एवढंच लिहून 24 उत्तर काढलं, त्याला पाढा येतो पण गुणाकार अजून आलेला नाही, हे बाईंना पेपर तपासतानाच कळेल. त्याला आणखी आठवडाभर चिंचोके द्यायचे.