गुगलवर पहिला दिसला म्हणून नंबर खरा?

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. काल तो घोडबंदर रोडला राहणाऱ्या मावशीकडे पोहोचला आणि तिने तो खराही मानला, म्हणून हे लिहिणं आलं. त्यात चार दावे आहेत. गुगल नंबर तपासूनच दाखवतं, तेव्हा कस्टमर केअरचा पहिला नंबर बिनधास्त लावा. सर्च केलं की गुगल त्याच क्षणी सगळं इंटरनेट चाळतं. दुकानाचं नाव सगळ्यांनी रोज शोधलं की दुकान वर येतं. आणि 5000 रुपयांत 'गुगल रजिस्ट्रेशन' केलं की पहिला क्रमांक कायमचा.

चाळण्याचं काम आधीच झालेलं असतं. गुगलबॉट नावाचा प्रोग्राम लिंकवरून लिंकवर जात पानं वाचतो, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे याची सूची बनते आणि आपल्याला उत्तर त्या सूचीतून मिळतं. म्हणून तर बदललेला नंबर काही दिवस जुनाच दिसतो. रोज नाव शोधायचा उद्योग म्हणजे निव्वळ टाइमपास.

5000 वाल्यांसाठी गुगलनेच वेबसाइटवाल्यांना दिलेलं मार्गदर्शन पुरेसं आहे. पैसे घेऊन आम्ही पान जास्त वेळा वाचत नाही, वरही चढवत नाही, आणि पान सूचीत येईलच याचीही हमी नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मॅप्सवर दुकानाची नोंद फुकट होते. जाहिरात विकत मिळते, हे मान्य. पण तिच्यावर 'प्रायोजित' असा शिक्का असतो आणि पैसे थांबले की ती गायब.

आता तो पहिला दावा, ज्याने लोकांची खाती रिकामी होतात. क्रम लावताना पान शोधलेल्या शब्दांशी किती जुळतं, त्याला कोण लिंक देतं, शोधणारा नौपाड्यात आहे की ऐरोलीत, असलं सगळं बघितलं जातं. फोन लावून पलीकडे कोण आहे हे कुणी बघत नाही. उघड बनावट पानं गुगल गाळतं, तेवढं श्रेय देऊ. तरी भामट्यांना वाटा बऱ्याच आहेत. मॅप्सवर 'बदल सुचवा' दाबून कुणीही दुसऱ्याच्या दुकानाचा नंबर बदलायला सुचवू शकतो. 'फ्रिज रिपेअर ठाणे हेल्पलाइन' हेच शब्द शंभरदा कोंबलेली पानं बनवतात. दुसऱ्याच्या हॅक केलेल्या साइटवर आपला नंबर असलेली पीडीएफ चढवतात, म्हणजे पत्ता भरवशाचा दिसतो आणि नंबर चोराचा असतो.

फोन लागला की पुढचं ठरलेलं: 'रिफंड देतो, एक ॲप टाका'. ते ॲप स्क्रीन दुसऱ्याला दाखवतं. मग यूपीआय पिन मागतात. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो फक्त द्यायला लागतो.

नंबर घ्यायचा तर लाइट बिलावरून, कार्डाच्या मागून, मशिनवरच्या स्टिकरवरून घ्या. बँकेच्या साइटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतो का बघा. रिझर्व्ह बँकेने 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत बँकांना तिकडे जायला सांगितलं होतं. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा आणि बँकेला कळवून खातं गोठवा. पोलीस स्टेशनची फेरी त्यानंतर.