उजनीची होडी, सासरवाडी आणि रोजची 67 माणसं

कॉलेज रोडच्या टपरीवर काल विषय निघाला होडीचा. आमच्यातल्या एकाची सासरवाडी करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या अगदी काठाला, समोर इंदापूरची बाजू दिसते पण रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा, म्हणून सगळं गाव होडीवर. जावईबापूंचं म्हणणं, हजारभर वस्ती आहे, टाइमटेबलवाली चांगली लाँच सहज चालेल.

बँकवाला म्हणाला, "भाऊ, वस्ती नको सांगू. बाजार नाही, लग्न नाही, वरून पाऊस, अशा दिवशी पलीकडे गेल्याशिवाय ज्यांचं भागतच नाही असे किती?" आणि लगेच हिशोब मांडला. समजा डिझेल, दोन माणसांचा पगार, विमा, दुरुस्ती धरून दिवसाला 4000 खर्च आणि तिकीट 30 रुपये, तर रोज 134 तिकिटं पाहिजेत, म्हणजे जाऊन-येऊन 67 माणसं, रोजच्या रोज. होडीत तिघं बसले काय नि तीस बसले काय, डिझेल तेवढंच जळतं.

"बाइक पण चढवू की," जावईबापू. कोकणातली दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 पासून चालू आहे, ती गाड्यासुद्धा नेते, हे खरंय, पण गाडी चढवायची तर धक्का पाहिजे आणि उजनीत काठच जागेवर राहत नाही ना यार. धरण 117 टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, उन्हाळ्यात मायनसमध्ये, म्हणजे या मृतसाठ्यात गेलं की पाणी इतकं मागं सरतं की पावसाळ्यात बांधलेला धक्का कोरडा पडतो आणि म्हातारी माणसं चप्पल हातात घेऊन चिखल तुडवत होडीपर्यंत जातात. पाण्यासोबत खालीवर होणारा तरंगता धक्का लागेल, तो खर्च तिकिटातून निघूच शकत नाही.

मग मी बोललो, आणि इथे मी जावईबापूंच्याच बाजूने आहे. आपल्याकडे नाशिकमध्ये सिटीलिंक शहर बसच्या ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात, बस भरली का रिकामी ते महापालिका बघते. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे. मग ज्या गावाचा रस्ताच पाण्यात गेलाय त्या गावातल्या बाईने होडीचं पूर्ण तिकीट का काढायचं? धरणाचं पाणी सगळ्यांनी वापरायचं आणि होडीचा तोटा एकट्या गावाने सोसायचा, हे मला अजिबात पटत नाही. तिकिटातून जेवढं निघेल तेवढं निघू दे, उरलेलं सरकारने भरावं.

बँकवाल्याला हे पटलं, पण त्याने जे पुढे काढलं ते आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हतं. म्हणाला, फेरीमागे पैसे दिलेस तर वारं सुटल्यावरही नावाडी होडी काढणार, नाही काढली तर त्याचा दिवस बुडाला. 21 मे 2024 ला उजनीतच कुगाव-कळाशी होडी वादळात उलटली, 6 जण गेले. म्हणून बोली दिवसाची पाहिजे, वाऱ्यामुळे होडी बांधून ठेवली तरी त्या दिवसाची मजुरी पूर्ण, आणि जॅकेट घातल्याशिवाय कोणी चढायचं नाही, सरपंच असला तरी. हे कागदावर येणार नसेल तर लाँच मागूच नका, असं त्याने जावईबापूंना तोंडावर सांगितलं.

जावईबापू आता गावी फोन करून आधी साध्या दिवसाची माणसं मोजायला लावणारेत, बाजाराच्या दिवसाची नंतर.