खुलासा : ‘महिषासुर’ची किंमत चित्रकाराला मिळाली नव्हती

‘तय्यब मेहतांनी एक चित्र विकून सात कोटी कमावले’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

सप्टेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं ‘महिषासुर’ सुमारे १५.८ लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास सात कोटींना गेलं, हे खरं. पण चित्र होतं १९९७ सालचं. लिलावात पैसा जातो तो त्या वेळच्या मालकाला. जाहीर होणाऱ्या आकड्यात लिलावगृहाचं कमिशनही धरलेलं असतं. देवी आणि रेडा एकमेकांत गुंतलेले, सपाट रंगात, हे ज्या हाताने रंगवलं त्याचा या व्यवहारात वाटा नव्हता. मला हे फार लागतं.

चित्रांचा बाजार एका रात्रीत वर गेला, हेही खरं नाही. २००० साली मुंबईत सॅफ्रनआर्ट हे ऑनलाइन लिलावगृह सुरू झालं, घरबसल्या बोली लावता येऊ लागली. २००२ मध्ये मेहतांचंच तीन भागांचं ‘सेलिब्रेशन’ ३ लाख १७ हजार ५०० डॉलरला गेलं होतं. तेव्हाही लोक असेच थक्क झाले होते.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर कृपया हाही पाठवा.