शेवटच्या पाच सेंटिमीटरची साडेसाती

मॉडेल रेल्वेत बफर स्टॉपला, म्हणजे रुळाच्या टोकाला गाडी अडवणाऱ्या अडसराला, कुत्रं विचारत नाही. इंजिनाच्या चाकाला किती आरे हवेत यावर माणसं कडाकडा भांडतात, पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्याच्या) मोटरपायी रात्री जागवतात, आणि सायडिंगचं (बाजूच्या आंधळ्या रुळाचं) टोक आलं की डब्यात जो बफर स्टॉप हाताला लागेल तो रुळावर खोचून मोकळी होतात. मग पहिली वॅगन मागे लोटली जाते. तिच्या कपलिंगचा (डबे एकमेकांना जोडणाऱ्या जोडाचा) आकडा बफर स्टॉपच्या आडव्या तुळईखाली शिरतो आणि तिथेच अडकतो. वॅगन पुढे ओढली की बफर स्टॉपही रूळ सोडून तिच्यामागे निघतो आणि दोघं जोडीनं फलाटाला लागतात.

म्हणून माझा एकच हट्ट आहे: बफर स्टॉप रूपावर जाऊन घेऊ नका, कपलिंग बघून घ्या. खऱ्या गाडीत बफर, म्हणजे डब्याच्या टोकाच्या धक्का झेलणाऱ्या दोन गोल टोप्या, बफरला भेटतो. मॉडेलच्या जाडजूड कपलिंगचं नाक मात्र बफरच्याही पुढे आलेलं असतं, त्यामुळे पहिली टक्कर नाकालाच. यावर उपाय क्षुल्लक आहे. तुळईच्या मध्यावर, कपलिंगच्या उंचीवर, २ मिमी जाडीच्या स्टायरीन प्लास्टिकचा एक तुकडा उभा चिकटवायचा आणि काळा रंगवायचा. आकड्याला खाली शिरायला जागाच उरत नाही. अमेरिकी गाड्यांना तर बाजूचे बफरच नसतात, मधे एकटा कपलर. त्यांच्यासमोर दोन टोप्यांचा युरोपीय बफर स्टॉप उभा केला तर त्या दोन टोप्या जन्मभर कुणाच्या तरी भेटीची वाट बघत बसतात.

दुसरा सापळा उंचीचा. मॉडेलची दोन प्रमाणं, एचओ १:८७ आणि ओओ १:७६, पण दोन्हींचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी. त्यामुळे एकाचा बफर स्टॉप दुसऱ्याच्या रुळावर हूं की चूं न करता बसतो आणि आपल्याला वाटतं जमलं. खऱ्या रुळावर बफरचा मध्य साधारण १.०६ मीटर उंचीवर असतो, म्हणजे एचओत १२ मिमी आणि ओओत जवळपास १४. दोन मिलिमीटरचा हा फरक कागदावर काहीच नाही, पण बफर स्टॉपच्या टोप्या वॅगनच्या बफरखाली लपायला तेवढा पुरतो. घेण्याआधी रुळाच्या माथ्यापासून तुळईच्या मध्यापर्यंत पट्टी लावून बघा. थोडा बुटका निघाला तर पायांखाली अर्ध्या मिलिमीटरची स्टायरीनची चकती सारता येते. उंच निघाला तर कानस आहे, आणि कानशीनंतरचा पश्चात्तापही.

कुठला प्रकार कुठे लावायचा यावर फार बोलत नाही. मालाच्या सायडिंगला वाकवलेल्या रुळांचा किंवा स्लीपर रचून मागे माती भरलेला, मोठ्या टर्मिनसला हायड्रॉलिक. दोन वॅगनच्या कोळशाच्या सायडिंगवर हायड्रॉलिक बफर म्हणजे गोठ्यात झुंबर.

आता वीज. मॉडेल इंजिनाला ती रुळांतूनच मिळते. खोचायचा प्लास्टिकचा बफर स्टॉप निरुपद्रवी असतो. व्हाइट मेटलचा (कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचा) किंवा पितळेचा दिसायला देखणा, पण त्याचे दोन पाय दोन रुळांवर टेकले की शॉर्ट, आणि अख्खा लेआउट ठप्प. मेर्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन-रुळी पद्धतीत बाहेरचे दोन्ही रूळ विजेच्या एकाच टोकाला जोडलेले असतात, म्हणून ती मंडळी याबाबतीत निवांत झोपतात. बाकीच्यांनी बफर स्टॉपच्या अलीकडे रूळ कापायचा आणि फटीत अर्ध्या मिलिमीटरचं प्लास्टिक चिकटवून रुळाच्या आकारात घासायचं. फट मोकळी ठेवली तर उन्हाळ्यात रूळ लांबतात, फट मिटते आणि दोष कंट्रोलरला लागतो. फट घ्यायची तीही बफर स्टॉपच्या अगदी पायाशी. लांब घेतली आणि धातूचं चाक तिच्यावर येऊन थांबलं, की चाकानेच दोन्ही बाजू जोडल्या आणि शॉर्ट परत हजर.

व्हाइट मेटलच्या किटला नेहमीच्या तापमानाचं सोल्डरिंग आयर्न लावू नये. जोड राहिला बाजूला, भागच वितळून गोळा होतो. त्यासाठी ७० अंशांना वितळणारं वेगळं सोल्डर मिळतं, नाहीतर दोन नळ्यांचं इपॉक्सी. सुपरग्लू झटपट धरतं, पण ठिसूळ असतं आणि बफर स्टॉपचं तर आयुष्यच धक्के खाण्यात जातं. रंग आधी द्या आणि खडी नंतर टाका. खडीवर पाण्यात निम्मं पातळ केलेलं पीव्हीए (पांढरा गोंद) सोडताना भांड्याच्या साबणाचा एक थेंब घाला, नाहीतर गोंदाचे मणी खडीवर नुसते लोळत बसतात.

काहींना वर लाल दिवा हवाच असतो. ३ मिमीचा एलईडी एचओत सव्वीस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे दिवा कमी आणि परात जास्त. ०६०३ आकाराचा घ्या, १.६ बाय ०.८ मिमी. १२ व्होल्टवर ४.७ किलोओमचा रेझिस्टर लावला की तो डोळ्यांत न खुपता मिणमिणतो. डीसी लेआउटवर (जिथे रुळातल्या विजेच्या दाबाने वेग आणि दिशा ठरते) रुळातून वीज घेतलीत तर दिवा गाडीच्या वेगाबरोबर कमीजास्त होतो आणि गाडी उलटी फिरवली की विझतो. वर उलट्या दिशेचा दाब सहन न होऊन कायमचा विझण्याची भीती राहतेच. तारा खाली घ्या आणि वेगळा पुरवठा द्या.

मुळात गाडी बफर स्टॉपला धडकूच नये यासाठी डीसीवाल्यांकडे एक स्वस्त युक्ती आहे. शेवटचा इंजिनभर आणि वर दहा सेंटिमीटर असा एक रूळ तोडून वेगळा करायचा आणि फटीवर वीज एकाच दिशेने जाऊ देणारा १एन४००१ डायोड जोडायचा. आत येणाऱ्या इंजिनाची वीज तुटते, बाहेर निघणाऱ्याची सुरू राहते. उलटा जोडलात तर दोन्हीकडून मार: इंजिन पूर्ण वेगात जाऊन आपटतं आणि मागे घ्यायला गेलात तर ढिम्म हलत नाही. इंजिन मागून वॅगन ढकलत असेल तर डायोड हात वर करतो, कारण इंजिन फटीच्या अलीकडेच राहतं. डीसीसीत, म्हणजे रुळातून डिजिटल हुकूम देणाऱ्या पद्धतीत, तर ही युक्ती विसराच.

लांबी मोजताना एक चूक हमखास होते. सायडिंग रुळाच्या टोकापर्यंत मोजली जाते, पण बफर स्टॉप स्वतःच चार-पाच सेंटिमीटर खातो. नकाशावर तीन वॅगन बसतात आणि प्रत्यक्षात तिसरीचं शेपूट पॉइंटवर उरतं. शिवाय टोकाआधीचा एका डब्याइतका भाग सरळच हवा. २६.४ मीटरचा डबा एचओत ३०३ मिमी होतो, आणि वळणावर त्याचं टोक इतकं बाहेर फेकलं जातं की एकच बफर टेकतो आणि दुसरा हवेत राहतो.

रूळ टेबलाच्या कडेला संपत असेल तर बफर स्टॉपच्या भरवशावर राहू नये. २२ ऑक्टोबर १८९५ रोजी पॅरिसच्या माँपार्नास स्थानकात इंजिन बफर स्टॉप ओलांडून, भिंत फोडून खालच्या रस्त्यावर कोसळलं होतं. मीटरभर उंच टेबल एचओच्या हिशेबात सत्त्याऐंशी मीटरचा कडा होतो. बफर स्टॉपच्या मागे ६ मिमी प्लायची पट्टी रुळाच्या वर चार सेंटिमीटर येईल अशी उभी करून फ्रेमला स्क्रूने आवळा. नुसती चिकटवली तर इंजिन तिलाही बरोबर घेऊन खाली जातं.