उन्हाळी नव्हे, बोक्याची लघवी तुंबलीय

परवा रात्री साडेनऊला वडगावच्या काकूंचा फोन. "आमच्या बोक्याला उन्हाळी लागलीय रे. सकाळपासनं वाळूत जाऊन बसतंय, कुंथतंय, काही होईना. धण्याचं पाणी देऊ की कुळथाचं?" म्हटलं, काकू, काही देऊ नका. टोपलीत घाला, मी येतोय.

हा 'उन्हाळी' शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. तीन वर्षांमागे शहापूरच्या घरात मीच तो वापरला होता. आमचा बंड्या, पाच वर्षांचा, खाऊनपिऊन गुबगुबीत. पहिल्या दिवशी कुंथताना दिसला तेव्हा पोट साफ होत नसेल म्हणून आईनं चमचाभर एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवशी ओकला आणि पलंगाखाली जाऊन बसला. मी शहाणा, मेडिकलमधून लघवी सुटायचं सिरप आणलं. म्हणजे तोंड बांधलेल्या पिशवीत वरून आणखी पाणी. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी त्याचं पोट चाचपलं आणि माझा हात धरून तिथं टेकवला. मोसंबीएवढा गोळा, दगडासारखा टणक. तो त्याचा मूत्राशय होता. नळी घालायची तयारी चालली असतानाच टेबलावर त्याचं हृदय थांबलं.

लघवी अडली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातं आणि थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत जातो. मांजरीला हे सहसा होत नाही, तिचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद. बोक्याचा टोकाशी इतका बारीक की रांगोळीसारखी कचसुद्धा तिथं बुच मारते. कुत्र्याच्या लिंगात हाड असतं, त्याच्या मागे खडा अडकतो.

गंमत बघा, बैलाचं आपल्याला बरोबर कळतं. खानापूरकडच्या आमच्या गावात बैलानं दुपारपर्यंत मूत टाकलं नाही तर गल्ली गोळा होते, रात्रीच डॉक्टरला उठवतात. बैलाचा मार्ग इंग्रजी एससारखा वळलेला, खडा त्या वळणात बसतो, हे तिथला शाळा न शिकलेला म्हाताराही हातवारे करून सांगेल. बोक्याची वेळ आली की मात्र कुळीथ.

उलट जिथं थांबायला सवड असते तिथं आपल्याला घाई. निपाणीच्या मावशीची पामेरियन, चिंगी. लघवी लाल, थेंब थेंब, पण होत होती. एक्स-रेत मूतखडे दिसले, आठवड्यात ऑपरेशन. खडे बाटलीत घालून मावशीनं शोकेसमध्ये ठेवले. एकमेकांवर घासून पैलू पडलेले, पांढुरके, हरभऱ्याएवढे. बाटली हलवून पाहुण्यांना आवाज ऐकवायची. पण त्यातला एकही तपासायला गेला नाही, लघवीतलं इन्फेक्शनही कुणी धुंडाळलं नाही. वर्षभरात खडे परत.

खड्यांच्या जाती असतात. कुत्रीच्या मूत्राशयातले स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम-अमोनियम-फॉस्फेटचे खडे बहुतेक वेळा इन्फेक्शनमुळे होतात आणि योग्य अँटिबायोटिक व खास आहारावर विरघळू शकतात. मांजरातले तर पुष्कळदा दोन ते चार आठवड्यांत. कॅल्शियम ऑक्झलेटचे मात्र औषधानं विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यात होणारे युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, साध्या एक्स-रेत कित्येकदा दिसतच नाहीत, सोनोग्राफी लागते. खडा कुठल्या जातीचा हे न बघता सुरी धरली तर परत परत धरावी लागते. मी ऑपरेशनच्या विरोधात नाही. मूत्राशय फार लवकर भरून येतो, दोन-तीन आठवड्यांत जवळपास पूर्वीइतका घट्ट. अपघातात तो फुटून लघवी पोटात सांडली तर ऑपरेशनशिवाय सहसा भागत नाही. पण खडे काढल्यावर परत एक एक्स-रे काढून आत काही राहिलं नाही ना ते बघा, असं डॉक्टरांना म्हणायला लाजू नका. चिंगीच्या वेळी कुणीच म्हटलं नाही. खर्च वाढतो, कबूल. दुसरं ऑपरेशन त्याहून महाग पडलं.

तर काकू. त्या रात्रीच बोक्याला भूल देऊन नळी घातली, सलाइन लावलं. नळी ओढू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा घेर. परत परत तुंबायला लागलं तर बारीक टोक काढून मार्ग रुंद करायचं ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यानंतर तुंबण्याचा धोका कमी होतो, कच व्हायची मात्र थांबत नाही, आहार सांभाळावाच लागतो. काकूंना ते ऐकूनच घाम फुटला.

आज सकाळी सातला त्यांचा फोन. मी धसकूनच उचलला.

"लालसर येतंय रे नळीतनं. पण येतंय बघ."