रेस मारू नका

गाडी आयडलवर ठेवायची आणि पाच मिनिटं तिला कुणी हात लावायचा नाही. चाचणी एवढीच होती. दुसऱ्या गावात जमतही असेल. कोल्हापुरात इंजिन चालू आहे आणि कुणी रेस देत नाही, हे आजूबाजूच्यांना बघवत नाही. ज्या गावानं ऑइल इंजिनं ओतली, घासली, जोडली आणि उसाला पाणी पाजायला नदीकाठानं धाडली, त्या गावात दर तिसऱ्या घरात इंजिनातलं कळणारा एक माणूस निघतो. उरलेल्या दोन घरांत त्याचे पाहुणे राहतात.

माझी गाडी डिझेलची, चार सिलिंडरची, कॉमन रेलवाली, म्हणजे चारही सिलिंडरांना एकाच नळीतून दाबाचं डिझेल मिळणारी. पळताना काही तक्रार नाही. पण दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभी राहिली की स्टेअरिंग थरथरायचं, आणि पन्हाळ्याच्या चढाला मागं काळा धूर. रोगाचं निदान फुकटात मिळत होतं. कुणी म्हणालं नोझल गेलं, कुणी म्हणालं पंप. एका पाहुण्यांनी तर चहा संपायच्या आत माझं अख्खं इंजिन खाली उतरवलं.

म्हटलं, आधी आत काय चाललंय ते बघू. स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात खोचायची ब्लूटूथची डबी मागवली, मोबाइलवर ॲप घेतलं. फुकटच्या ॲपनं आरपीएम आणि कूलंटचं तापमान दाखवलं आणि गप्प बसलं. हे दोन्ही डॅशबोर्ड मला पहिल्या दिवसापासून दाखवतोय. सिलिंडरवार हिशेब बघायला पैसेवालं ॲप घ्यावं लागलं. बायकोनं विचारलं, "अहो, ह्यानं गाडी दुरुस्त हुती?"

"दुरुस्त नाही होत. काय बिघडलंय ते कळतं."

"ते मलाबी कळतंय. थरथरतीय. मी आपला केएमटीच्या बसनं जातो."

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि तीत डिझेलचा फवारा उडाला की तो आपला आपण पेटतो. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला हे करून दाखवलं, आणि मूळ गोष्ट अजून तीच आहे. गंमत अशी की माझ्या ॲपला ही आग दिसतच नाही. पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, एक दातेरी चाक असतं. त्याचा दाता सेन्सरसमोरून किती वेळात सरकला, एवढंच ईसीयू, म्हणजे गाडीतला इंजिनाचा कॉम्प्युटर, मोजतो. आठशे आरपीएमला चार सिलिंडर मिळून सेकंदाला सव्वीस-सत्तावीस वेळा पेट घेतात. ज्याच्या पाळीला चाक रेंगाळलं, तो कमजोर. मग ईसीयू एकत्र कुटुंबातल्या आईसारखा वागतो. तोंडानं काही बोलत नाही, पण कमजोर लेकाच्या वाटीत पळीभर रस्सा जास्त पडतो, आणि तेवढाच बाकीच्या तिघांच्या वाटीतून कमी होतो. कुणाला किती जास्त, कुणाला किती कमी, ते ॲपवर मिलिग्रॅममध्ये येतं. दुखणं लपवायची ही सोय आहे, आणि दुखणं शोधायची जागाही तीच.

फक्त हा हिशेब आयडलवरच चालतो. ॲक्सिलरेटरवर पाय पडला की माझ्या गाडीत चारही आकडे शून्य होतात आणि पुन्हा जमायला वेळ घेतात. शिवाय इंजिन ऐंशी अंशांना तापलेलं हवं, एसी बंद हवा, स्टेअरिंग सरळ हवं. म्हणून रंकाळ्याला वळसा घालून इंजिन तापवलं, गाडी दारात लावली, बॉनेट उघडलं, आणि मोबाइल घेऊन डाव्या सीटवर बसलो. इथंच चुकामूक झाली. ड्रायव्हरची सीट मोकळी आणि दार उघडं म्हणजे कोल्हापुरात आमंत्रण असतं.

शेजारचे नाना आले. "काय मिसिंग मारतीय व्हय?" म्हणत बसले आणि त्यांनी पाय ठेवला. घर्रर्र. आकडे शून्य.

"नाना, रेस मारू नका. आयडलवरच बघायचंय."

"आयडलवर काय दिसतंय? रेस दिल्याबिगार इंजिन बोलतंय व्हय?" आणि पुन्हा घर्रर्र.

नानांना चहाला आत पाठवलं. आकडे जमू लागले. दोन नंबरचा वर सरकायला लागला, तेवढ्यात गल्लीतलं तालमीचं पोरगं घामाघूम येऊन उभं राहिलं. "काका, दामटा की जरा, आवाज बघू." मी दामटलं नाही, म्हणून त्यानं मदत म्हणून वाकून हातानंच पेडल दाबलं. त्याच्या मागून आले ते मामा, वय सत्तरीच्या पुढं, हयात कारखान्यांच्या उद्यमनगरात लेथवर गेलेली. ते पेडलच्या वाटेला गेलेच नाहीत. थेट बॉनेटमध्ये वाकले आणि ॲक्सिलरेटरची वायर शोधू लागले. एक बोट इनटेकच्या मागं घातलं, दुसरं बॅटरीच्या बाजूनं, होसपाइपावरून चाचपत नेलं, डोळ्यांशी आणून काळं झालेलं बोट बघितलं. वायर नव्हतीच. ह्या गाडीत पेडलपासून विजेचा संदेश जातो.

"वायर कुठं गेली हो?"

"नसते मामा ह्यात."

"मग रेस कशानं देत्यात?"

"आत्ता द्यायचीच नाहीय."

मामा जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले. माणूस हातचा गेला की बघतात तसे. त्या अवधीत आकडे स्थिर झाले. एक नंबर उणे ०.९, तीन उणे १.२, चार उणे १.०, आणि दोन नंबर अधिक ३.१. तीन भावांचं काढून एकाला घातलेलं. मी मामांना मोबाइल दाखवला. त्यांनी तो लांब धरून वाचला, सगळा हिशेब ऐकून घेतला आणि म्हणाले, "आमचं एक शिलिंडरचं बरं हुतं. तुलना करायला दुसरा न्हाई."

आता दोन नंबर कमजोर, हे ठरलं. का कमजोर, हे ॲप सांगत नाही. डिझेल कमी फवारलं जातंय, का दाब गळतोय, दोन्हीला आकडा तोच येतो. ॲपवाल्यांच्या जाहिरातींचं मला खरंच कौतुक वाटतं. तिथं मोबाइल धरला की माणूस हसतो आणि गाडी बरी होते.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडं गेलो. मशीनबिशीन बघून नाक मुरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती नंबर?" दोन म्हटल्यावर साबणाचं पाणी घेतलं, दोन नंबरच्या इंजेक्टरच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नळीच्या, बुडाशी ओतलं, आणि पोराला म्हणाले, "मार रेस." मी डोळे मिटले. पण आता मारायचीच होती. बुडाशी बुडबुड्यांचा फेस आला. शेजारच्या तिघांच्या बुडाशी काही नाही. इंजेक्टर चांगला होता. त्याच्याखालचा तांब्याचा वायसर, म्हणजे वॉशर, चेपला होता आणि दाब तिथून निसटत होता. दाब अर्धवट, त्यात चढाला पाय दाबला की डिझेल जास्त, ते पुरतं जळत नाही, म्हणून काळा धूर.

वायसर साठ रुपयांचा. तो काढायला आधी इंजेक्टर निघायला हवा, आणि इंजेक्टर डांबरासारख्या काजळीत रुतलेला. तेल सोडून भिजवला. हलवला. पुन्हा भिजवला. शेवटी ओढायचा हातोडा लावला आणि दोघंजण आळीपाळीनं ठोकत बसले. तोवर मी तीन कप चहा आणि एक मिसळ उरकली. दुपार कलल्यावर निघाला एकदाचा. बसायची जागा कटरनं साफ केली, नवा वायसर घातला. पुन्हा गाडी तापवली, आयडलवर ठेवली, मिस्त्रींनी पोराला गाडीपासून चार हात लांब उभं केलं. दोन नंबर अधिक ०.३.

बिल सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर आलं. वायसर ६०, इंजेक्टर काढणे-बसवणे १,५००, कटर २००, स्क्यानिंग ३००.

"मिस्त्री, स्कॅनिंग कसलं? डबी माझी, मोबाइल माझा, ॲपचे पैसे मी भरलेत."

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "मशीन तुमचंच हाय की. खरं रेस मारू दिली न्हाई त्याचं पैसं."