न्यूटन आणि टांकसाळीचे पत्र: एक खुलासा

साताऱ्यातील नाणेसंग्राहकांच्या गटांत सध्या एका जुन्या इंग्रजी हस्तलिखिताचे छायाचित्र ‘आयझॅक न्यूटन यांचा 1695 मधील टांकसाळप्रमुखपदाचा नेमणूक हुकूम’ म्हणून फिरत आहे. हे वर्णन चुकीचे आहे.

तो हुकूम नसून, इंग्लंडचे तत्कालीन अर्थमंत्री चार्ल्स माँटेग्यू यांनी न्यूटन यांना पाठविलेले खासगी पत्र आहे. राजाने आपणांस टांकसाळीचे वॉर्डन (देखरेख करणारा अधिकारी) करण्याचे वचन दिले आहे, वर्षाला पाच-सहाशे पौंड मिळतील आणि काम फारसे नाही, असे त्यात कळविले आहे. (हे शेवटचे आश्वासन न्यूटन यांनी खोटे ठरविले, नाणी पाडण्याच्या कामात आणि खोटी नाणी करणाऱ्यांच्या मागावर ते पुढे अक्षरशः राबले.) टांकसाळीचे मास्टर (नाणेनिर्मितीचा प्रमुख) हे वेगळे आणि अधिक लाभाचे पद त्यांना टॉमस नील यांच्या निधनानंतर, 1699 च्या अखेरीस मिळाले.

सालाचा घोळही समजण्यासारखा आहे. इंग्लंडात तेव्हा वर्ष 25 मार्चला बदलत असल्याने 19 मार्चच्या या पत्राचे साल जुन्या गणनेने 1695, तर आजच्या गणनेने 1696 होते. मोडी कागदांतील शुहूर सन (मराठेशाहीतील एक वर्षगणना) मृगाला पालटतो, हे जाणणाऱ्या येथील अभ्यासकांना त्यात नवल वाटू नये.